पानावरचं घर, हाताखालचा पोत

एकदा मार्च महिन्यात एका मासिकात बैठकीच्या खोलीचा फोटो पाहिला. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड आणि जमिनीवर तागाचा भलामोठा गालिचा. पान दुमडून ठेवलं, महिनाभर शोधून तसाच गालिचा मिळवला आणि आमच्या कोकणातल्या घरात पसरला. मे महिना छान गेला. श्रावणात खोलीला ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. गालिचा उलटून पाहिला तर खालून बुरशीचे काळे ठिपके आणि फरशीवर त्याचा पिवळट ठसा. ऊन दाखवलं, झटकला, पुन्हा ऊन दाखवलं. वास काही गेला नाही.

फोटो खोटा नव्हता, पण त्या खोलीतली हवा फोटोत आलेली नव्हती. तेव्हापासून मी एक नियम पाळते, आणि घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला तो सांगते: चित्रातली वस्तू उचलू नका, ती तिथे का शोभते ते कारण उचला. ते कारण आपल्याकडे लागू पडतं का, हे हाताने, नाकाने आणि शक्य असेल तर एक पावसाळा थांबून तपासा.

चित्रं बघायला मात्र भरपूर हवीत. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. गृहसजावटीची गुळगुळीत मासिकं महाग असतात, पण ती शिळी होत नाहीत. रद्दीच्या दुकानात सांगून ठेवलं तर ‘इनसाइड आउटसाइड’सारख्या मासिकांचे जुने अंक किलोच्या भावाच्या आसपास मिळून जातात. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर मोठ्या आकाराची सचित्र पुस्तकं चाळायला मिळतात. वर्तमानपत्रांतही घराविषयी मजकूर असतो. ‘लोकसत्ता’ची ‘वास्तुरंग’ पुरवणी कित्येक घरांत कात्रणं काढून ठेवलेली मी पाहिली आहे. त्यातल्या घरांचा आकार आपल्या घरांसारखा असतो, हा मोठा फायदा. वीस बाय तीस फुटांचा दिवाणखाना बघून साडेदहा बाय चौदाच्या हॉलचा विचार करणं अवघड असतं.

आता चित्र कसं बघायचं? आधी सावल्या शोधा. खुर्चीच्या पायाची सावली कुठे पडली आहे, यावरून उजेड कोणत्या बाजूने आणि किती उंचीवरून येतो ते कळतं. स्वीडन-डेन्मार्ककडच्या घरांत पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड एवढं का दिसतं, याचं उत्तर त्यांच्या हिवाळ्यात आहे. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजाजवळूनच फिरतो. मिळेल तो उजेड घरात खेळवायचा म्हणून तिथे सगळं पांढरं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता येणारं ऊन डोळे दिपवतं. आपल्या जुन्या घरांनी उजेड अडवून, गाळून आत घेतला. ओसरी, पडवी, खोल कोनाडे, गडद फरशी ही त्या उन्हाला दिलेली उत्तरं आहेत. पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या तुमच्या हॉलला शुभ्र पांढरा रंग दिलात तर उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे बसवणार नाही. तोच रंग दोन इमारतींच्या मधल्या डक्टकडे उघडणाऱ्या अंधाऱ्या खोलीला द्या, खोली हसेल. चित्रातून घ्यायचं ते हे.

मग फोटोत काय नाही ते बघा. वायरी नाहीत, वाळत घातलेले टॉवेल नाहीत, मिक्सर नाही, चपला नाहीत. फोटोसाठी सामान हलवतात, रुंद कोनाचं भिंग वापरतात, त्यामुळे खोली असते त्यापेक्षा ऐसपैस दिसते. यात कुणी फसवत नसतं; छायाचित्रणाची ती रीतच आहे. पण एखादं मोकळं टेबल बघून मोह झाला की स्वतःला विचारायचं, यांची औषधं, चार्जर आणि विजेची बिलं कुठे असतील? उत्तर बहुधा चित्राच्या कडेला, अर्ध्या दिसणाऱ्या एका बंद कपाटात सापडतं. तुम्हाला खरं आवडलं आहे ते ते कपाट.

मासिकं डोळ्यांना सवय लावतात. कारणं समजावून सांगतात ती पुस्तकं. त्यातली मोजकी चार जवळ करा, असं मी सांगेन. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ 1977 साली आलं. गावाच्या रचनेपासून खोलीतल्या बारकाव्यांपर्यंत त्यात 253 सूत्रं आहेत. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा, हे त्यातलं एक. एकाच खिडकीच्या खोलीत माणसाचा चेहरा अर्धा अंधारात का राहतो, हे ते सूत्र वाचल्यावर लक्षात येतं. शेवटचं 253वं सूत्र सांगतं की भिंतीवर आणि फडताळात आपल्या आयुष्यातल्या वस्तू असू द्या. आजीचा अडकित्ता शोकेसमध्ये ठेवावा की नाही, असा संकोच वाटणाऱ्यांनी तेवढं पान तरी वाचावं.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांवरचा दीर्घ निबंध 1933 सालचा. लाखकामाची भांडी आणि त्यावरची सोनेरी नक्षी मंद उजेडातच खुलते, असं ते सांगतात. आपल्या पितळी समईला हे तंतोतंत लागू आहे. छतावरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती समई केविलवाणी दिसते. संध्याकाळी बाकीचे दिवे मालवून बघा. जोसेफ अल्बर्स यांचं रंगांवरचं पुस्तक 1963चं. एकच रंग शेजार बदलला की वेगळा दिसतो, हे त्यांनी पानोपानी दाखवलं आहे. आणि लॉरी बेकर. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा वास्तुकार केरळात स्थायिक झाला आणि विटा, जाळ्या, चुना, मातीची कौलं यांतून घरं बांधत राहिला. त्याच्या छोट्या पुस्तिका हाताने लिहिलेल्या आणि स्वतःच काढलेल्या रेखाटनांच्या आहेत. इंग्रजी साधं आहे; नसलं कळत तरी चित्रं बोलतात.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. शहरातलं मोठं ग्रंथालय गाठा, किंवा ओळखीचं कुणी वास्तुकला महाविद्यालयात शिकत असेल तर त्याला विचारा.

आता वहीचं काम. आवडलेलं पान कापा किंवा त्याचा फोटो छापून घ्या, दोनशे पानी साध्या वहीत चिकटवा आणि खाली एकच वाक्य लिहा: हे मला का आवडलं? ‘सुंदर आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘खिडकीच्या कठड्यावर बसता येतं’, ‘जमीन गडद आणि भिंत हलकी आहे’, ‘एका भिंतीवर काहीच नाही’ अशी उत्तरं हवीत. दीड-दोन महिने हे करा. मग चित्रं झाकून नुसती वाक्यं वाचा. कुणाच्या वहीत खिडकीजवळची जागा दहा वेळा येते, कुणाच्या वहीत सगळीकडे खरबरीत भिंती असतात. ती तुमची आवड. ती कळली की दुकानदाराच्या आग्रहाला नाही म्हणता येतं, आणि घराच्या कामात त्याने जेवढे पैसे वाचतात तेवढे घासाघीस करून वाचत नाहीत. नवरा-बायकोने मात्र दोन वह्या कराव्यात आणि शेवटीच एकमेकांच्या बघाव्यात.

इथपर्यंत डोळ्यांचं काम झालं. माझ्या मते खरं शिक्षण पुढे आहे.

आपल्या भाषेत विणकरांचा एक सुरेख शब्द आहे: पोत. द. ग. गोडसे यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘पोत’ आहे. कापडाचा पोत बोटांना कळतो, तसाच दगडाचा, लाकडाचा, भिंतीचाही कळतो. घर सजवताना आपण रंगाच्या कार्डावर तासन्‌तास घालवतो आणि पोताचा विचारच करत नाही. गुळगुळीत विट्रिफाइड फरशी, चकचकीत सनमायका, रेशमी चमकीची भिंत आणि काचेचं टेबल अशी खोली महाग असूनही रिकामी का वाटते? सगळे पोत एकच आहेत म्हणून. त्याच खोलीत एक घोंगडी टाका. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, न रंगवलेली, काळी, हाताला बोचरी. खोलीला लगेच बूड येतं.

म्हणून नैसर्गिक साहित्य बघायला निघा, आणि मोठ्या शोरूमआधी जिथे ते घडतं किंवा रचून ठेवलेलं असतं तिथे जा. फरशीच्या वखारीत जा. शहाबादी, कडाप्पा आणि कोटा ही नावं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शहाबादी कर्नाटकातली, कडाप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातला. तिन्ही चुनखडक आहेत आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण चुनखडकाला आंबट सोसत नाही. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून तसंच ठेवलं तर पांढरट डाग उठतो आणि तो घासून जात नाही. तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. ॲसिडने फरशी धुणाऱ्यांनी कोट्याची चकाकी कायमची घालवलेली मी पाहिली आहे. ग्रॅनाइटचं तसं होत नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी अनवाणी पायांना शहाबादीचा जो गारवा लागतो तो मला इतर कुठल्याच जमिनीवर सापडला नाही. ओट्यासाठी ग्रॅनाइट आणि बाल्कनीला, देवघराला, बसायच्या कट्ट्याला शहाबादी, अशी वाटणी मी सुचवते. पॉलिश न केलेली घ्या. पावसात पाय घसरत नाही.

कोकणात आणि गोव्यात असाल तर जांभा शेजारीच आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, म्हणून चिरे सरळ कापता येतात. हवा लागली की तो कडक होतो. त्याचा तांबूस रंग लोहाचा. जांभ्याची भिंत असेल तर निदान एक बाजू प्लास्टरशिवाय ठेवा, असं मी हात जोडून सांगते. नव्या घरांतून जांभ्यावर सिमेंट थापून, त्यावर दगडाच्या चित्राचा कागद चिकटवलेला बघते तेव्हा फार वाईट वाटतं.

लाकडासाठी जुन्या बाजाराचा रस्ता धरा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं. पाडलेल्या वाड्यांचं सागवान तिथे येतं. सागात मुळात तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही, आणि शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आणखी वाकत नाही. जुन्या दाराचं बाक किंवा आरशाची चौकट होते. घेण्याआधी दोन गोष्टी करा: नखाने टोचून बघा आणि खालच्या बाजूला हात फिरवा. पिठासारखा भुसा हाताला लागला तर कितीही सुंदर कोरीवकाम असो, घरी आणू नका. कीड शेजारच्या कपाटात जाते.

बांबूचंही तसंच. त्याच्यातल्या पिठूळ अंशाला कीड धरते, म्हणून टाकणखार आणि बोरिक पावडरीच्या पाण्यात मुरवलेला बांबूच घ्या आणि विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतो, फर्निचरला उत्तम. टोपल्या, सुपं, रोवळ्या मात्र बुरूड आळीतून घ्या. दिव्यावर उलटं लावलेलं साधं टोपलं छतावर जी जाळीदार सावली पाडतं, ती बघून पाहुणे दिव्याची किंमत विचारतात. बल्ब एलईडीच हवा, तापणारा नको.

कापडाबाबत आपण श्रीमंत आहोत. सोलापुरी चादर, सुती सतरंजी, खण, इरकल, खादी. खणाची उशी सध्या घरोघरी दिसते. एका सोफ्यावर दोन पुरेत. सहा ठेवल्या की खणाचा काठ दिसेनासा होतो. दमट गावात तागाऐवजी धुता येणारी सतरंजी घ्या. माझ्या गालिच्याने मला एवढं शिकवलं आहे. तागाला नावं ठेवत नाही. नगर, सोलापूर, विदर्भाच्या कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षं टिकतो. विदर्भात तर उन्हाळ्यासाठी वाळ्याचे पडदे करून घेता येतात. पाणी मारलं की गारवा आणि सुगंध दोन्ही.

चुन्याच्या भिंतीचा मोह अलीकडे पुष्कळांना होतो, आणि तो रास्त आहे. चुन्याचा हात दिलेली भिंत एकसारखी दिसत नाही, उजेडाबरोबर हलते, आणि चुना क्षारधर्मी असल्याने बुरशी तिच्यावर सहज धरत नाही. पण प्लास्टिक पेंट दिलेल्या भिंतीवर चुना बसणार नाही, पोपडे निघतील. आधीचा थर खरवडून प्लास्टर उघडं करावं लागतं. भाड्याच्या घरात हे करू नका.

धातूसाठी पुण्याच्या तांबट आळीत एकदा तरी जा. तांब्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जे काम चालतं त्याला मठारकाम म्हणतात. त्या प्रत्येक ठोक्याचा खळगा उजेड वेगळा परत पाठवतो, म्हणून मठारलेलं भांडं सपाट पत्र्यापेक्षा जिवंत दिसतं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलं आणि 1958 साली त्यांनी भारतातल्या डिझाइनविषयी अहवाल दिला. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत मन लावून कौतुक केलं ते लोट्याचं. तो तळहातात कसा बसतो, त्यात पाणी किती मावतं, ओतताना तोल कसा राहतो. जगभरच्या मासिकांतून प्रेरणा शोधताना स्वयंपाकघरातल्या मांडणीवरही एवढ्याच आदराने नजर टाका.

साहित्य जमवलं की ताटाची परीक्षा घ्या. एक मोठं स्टीलचं ताट घ्या. त्यात फरशीचा तुकडा, लाकडाचा तुकडा, पडद्याच्या कापडाची पट्टी, भिंतीचा रंग दिलेला पुठ्ठा आणि कडी-कोयंड्याचा धातू एकत्र ठेवा. प्रमाणही खरं ठेवा: जमीन आणि भिंत जास्त, कापड कमी, धातू चिमूटभर. हे ताट त्याच खोलीत, जिथे वस्तू येणार तिथे, आठ दिवस राहू द्या. सकाळी बघा, चार वाजताच्या उन्हात बघा, रात्री दिव्याखाली बघा. 6500 केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या दिव्यात आवडलेलं सागवान राखाडी दिसतं. 2700–3000 केल्व्हिनचा उबदार दिवा लावला की तेच मधासारखं होतं. म्हणजे रंग बदलायचा की बल्ब, हे शंभर रुपयांत कळतं. ताटातल्या दगडावर तेलाचा थेंब, हळदीचं पाणी आणि लिंबू रात्रभर ठेवा. कापड धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा, सुती पडदे आटतात. पुठ्ठाही दोन बाय दोन फुटांचा घ्या; कार्डावरच्या इवल्या चौकोनात रंग नेहमी सौम्य वाटतो आणि भिंतभर आला की अंगावर येतो.

प्रमाणाचा धडा द्यायला निसर्गासारखं कुणी नाही. फाल्गुनात पळस बघा. आपल्याला केशरी आठवतं, पण डोळे बारीक करून पाहिलंत तर बहुतेक सगळं राखाडी-तपकिरी आहे: खोड, फांद्या, मागचं वाळलेलं गवत. काळसर देठांवर केशरी थोडंच, आणि म्हणून ते पेटल्यासारखं दिसतं. केशरी आवडतो म्हणून सगळी भिंत केशरी करणाऱ्याला पळस मिळत नाही. राखाडी भिंतीवर दोन उशा आणि एक फुलदाणी, एवढा केशरी पुरतो. भाद्रपदातला सह्याद्रीचा कातळ असाच बघा. काळा दगड, त्यावर शेवाळं आणि कडेला तेरड्याचा गुलाबी. फिरायला जाल तेव्हा गळून पडलेली बहाव्याची शेंग, करवंटी, नदीतला गोटा, गवताचा तुरा घरी आणा आणि त्यातले रंग किती-किती भाग आहेत ते वहीत लिहा. अभयारण्यातून आणि गडावरून मात्र काही उचलू नका. तिथे फोटो पुरे.

आणखी एक ठिकाण राहिलं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. घराचं काम काढताना ते पुन्हा, वही घेऊन बघा. कोरीव दारं, दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी. रोजच्या वापराच्या वस्तूवर किती नक्षी आणि नेमकी कुठे, हे बघा: हात लागतो तिथे गुळगुळीत, नजर जाते तिथे नक्षी. हे एक निरीक्षण सुताराला सांगितलंत तर तुमच्या कपाटाची मूठ आणि दार दोन्ही सुधारतील.

काम संपलं की वही टाकू नका. रंगाचा क्रमांक, फरशीच्या वखारीची पावती, कापडाची चिंधी तिच्यातच लावा. चार-सहा फरश्या जादा घेऊन माळ्यावर ठेवा. दगड नैसर्गिक असतो, पुढच्या वर्षी त्याच खाणीतून तीच छटा येईल याची खात्री नसते, आणि जड भांडं कधीतरी हातातून सुटतंच.